दोन मुलं मेली, फाशी तिसऱ्याला

आर्थर ब्रुकने आपल्या काव्याला जोडलेली गद्य प्रस्तावना जेमतेम दोन पानांची आहे, पण एकदा वाचल्यापासून तिने माझा पिच्छा सोडलेला नाही. काव्याचं नाव ‘द ट्रॅजिकल हिस्टरी ऑफ रोमिअस अँड ज्युलिएट’. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर रिचर्ड टॉटेलच्या छापखान्यात ते छापून झालं १९ नोव्हेंबर १५६२ रोजी. शेक्सपिअरच्या जन्माला तेव्हा दीड वर्ष बाकी होतं. पुढे तीसेक वर्षांनी हेच काव्य समोर ठेवून त्याने नाटक रचलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रस्तावनेकडे मात्र अभ्यासक सोडले तर कोणी वळत नाही, आणि अभ्यासकही बहुतेक वेळा कपाळाला आठी घालून पुढे जातात.

प्रस्तावनेत ब्रुक स्वतःच्याच नायक-नायिकेला झोडपून काढतो. ही दोघं वासनेच्या आहारी गेली, आईबापांचं त्यांनी ऐकलं नाही, मनातलं गुपित सांगायला त्यांना एक बडबडी दारुडी बाई आणि एक भोंदू जोगी सापडला, चोरट्या संबंधावर त्यांनी लग्नाचं नाव पांघरलं, म्हणून असं मरण आलं, असा त्याचा सूर आहे. कॅथलिक पद्धतीच्या पापकबुलीवरही तो जाता जाता कडाडतो. तरुण वाचकाने ही गोष्ट वाचावी ती आपलं पाऊल वाकडं पडू नये म्हणून, असं तात्पर्य आधीच हातात देऊन तो आपल्याला आत सोडतो.

पान उलटल्यावर सुरू होतात ३,०२० ओळी, एक बारा अक्षरी आणि पुढची चौदा अक्षरी अशा जोडीजोडीने धावणाऱ्या. त्यात भोंदू जोगी कुठेच भेटत नाही. फ्रायर लॉरेन्स विद्वान आहे, गावाला प्रिय आहे, राजाचा विश्वासू आहे. इतर अडाणी जोग्यांसारखा हा नव्हे, असं ब्रुक मुद्दाम सांगतो. दाई पैसे घेते, पाल्हाळ लावते, पण पोरीवर तिचा जीव आहे. आणि प्रेमिकांच्या पहिल्या रात्रीपाशी आल्यावर निवेदक कबूल करतो की त्यांच्या सुखाचा आपल्याला हेवा वाटतो, असं काही आपल्याही वाट्याला यायला हवं होतं. प्रस्तावनेत ज्याला त्याने वासना म्हटलं, त्यालाच आता तो आसुसून पाहतो आहे. प्रस्तावनेत आणखी एक वाक्य आहे, ज्याने नाट्यइतिहासकारांना कायमचं हळहळत ठेवलं: हाच विषय अलीकडे रंगमंचावर पाहिला, आणि माझ्या वाट्याला येईल त्याहून जास्त वाहवा त्याला मिळाली, असं तो लिहितो. ते नाटक काळाच्या पोटात गेलं. म्हणजे शेक्सपिअरच्या तीस-पस्तीस वर्षं आधी इंग्रजी प्रेक्षक या दोन मुलांसाठी रडून मोकळा झाला होता, आणि ब्रुकला ते माहीत होतं.

हा ब्रुक होता तरी कोण? लंडनच्या इनर टेंपल या वकिलांच्या संस्थेत नाताळात नाटकं आणि खेळ होत. अशा खेळांसाठी केलेल्या कामाच्या मोबदल्यात ब्रुकला तिथे फी न घेता प्रवेश मिळाला. जामीन राहिले थॉमस नॉर्टन आणि थॉमस सॅकव्हिल. ‘गॉर्बोडक’ ही निर्यमक पद्यातली पहिली इंग्रजी शोकांतिका या दोघांचीच, आणि तिचा पहिला प्रयोग याच इनर टेंपलमध्ये १५६१ च्या नाताळात झाला. प्रकाशक टॉटेल हा मुळात कायद्याच्या पुस्तकांचा मक्तेदार. कवितेची पुस्तकं तो जोडीने काढी. लेखक वकिलांच्या संस्थेतला, छापणारा कायद्याची पुस्तकं छापणारा, आणि विकत घेणारे बरेचसे कायदा शिकणारे जमीनदारांचे मुलगे. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

ब्रुक फार जगला नाही. फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांच्या मदतीला एलिझाबेथ राणीने ल आव्र बंदरात फौज पाठवली होती. मार्च १५६३ मध्ये सर थॉमस फिंचच्या हाताखाली ‘ग्रेहाउंड’ नावाचं जहाज तिकडे निघालं आणि इंग्लंडच्या किनाऱ्यापासून फार दूर जाण्याआधीच बुडालं. ब्रुक त्यात होता. त्याच वर्षी त्याचं दुसरं पुस्तक मरणोत्तर निघालं, फ्रेंचमधून भाषांतरित केलेलं: बायबलमधल्या वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या वचनांचा मेळ घालून दाखवणारं. स्वतःच्या प्रस्तावनेचा आणि काव्याचा मेळ घालून द्यायला तो राहिला नाही, याची मला खरोखर चुटपुट लागते. १५६७ मध्ये जॉर्ज टर्बरव्हिलने त्याच्यावर विलापिका लिहिली, आणि तीत ज्युलिएटच्या कथेची आठवण काढली.

या विसंगतीचं नेहमीचं स्पष्टीकरण असं: इटालियन कथांबद्दल तेव्हा इंग्लंडमध्ये संशय होता, म्हणून लेखक पुढे नीतीची ढाल धरत. त्यात तथ्य आहे. राणीचा गुरू रॉजर ॲस्कम याने ‘द स्कूलमास्टर’मध्ये, जे त्याच्या मृत्यूनंतर १५७० मध्ये छापलं गेलं, इटालियनमधून आलेल्या या पुस्तकांवर आग ओकली आहे. लंडनच्या दुकानादुकानांत ती विकायला आहेत, आणि दहा प्रवचनांनी होणाऱ्या भल्याहून असलं एक पुस्तक जास्त नासाडी करतं, असं त्याचं म्हणणं. पण ढालीने सगळं उलगडत नाही. ब्रुकचा राग नुसत्या वासनेवर नाही. त्याचा नेम आहे चोरून केलेल्या लग्नावर, आणि १५६२ च्या लंडनमध्ये, त्यातही वकिलांच्या संस्थेत, हा विषय तापलेला होता.

त्या काळचं लग्न आपल्या कल्पनेपेक्षा सोपं होतं. मध्ययुगीन चर्चच्या कायद्याप्रमाणे मुलगा चौदाचा आणि मुलगी बाराची झाली, आणि दोघांनी एकमेकांना ‘आत्ता, या क्षणी स्वीकारतो’ असं म्हटलं, की लग्न लागलं. पाद्री, साक्षीदार, आईबापांची संमती यांपैकी कशावाचून ते अडत नसे. आधी तीन वेळा चर्चमध्ये पुकारा करावा हा नियम होता, तो मोडणाऱ्याला शिक्षाही होई. पण लग्न टिकून राही. प्रेमिकांच्या दृष्टीने चर्चचा कायदा असा उदार, आणि जमीनजुमला असलेल्या घराण्यांना तो काट्यासारखा सलणारा. मुलीबरोबर गावं जात, हुंडा जाई, वारसा जाई. तेराव्या-चौदाव्या वर्षीच्या दोन वाक्यांनी हे सगळं उधळलं जावं, हे बापांना कसं परवडणार?

विषय तापला होता तो असा. डिसेंबर १५६० मध्ये एलिझाबेथ शिकारीसाठी एल्थमला गेली असताना लेडी कॅथरिन ग्रे पाठीमागे राहिली आणि वेस्टमिन्स्टरमधल्या एका घरी गेली. कॅथरिन ही नऊ दिवसांची राणी जेन ग्रे हिची धाकटी बहीण, आणि सिंहासनाच्या वारसांच्या यादीत अगदी वर. ते घर होतं हर्टफर्डचा अर्ल एडवर्ड सीमोर याचं. अर्लच्या बहिणीने बाहेर जाऊन एक पाद्री आणला, लग्न लागलं, पाद्र्याला पैसे दिले गेले, आणि तो निघून गेला. त्याचं नाव विचारायचं कोणालाच सुचलं नाही. काही महिन्यांत ती बहीण, एकमेव साक्षीदार, मरण पावली. १५६१ च्या उन्हाळ्यात कॅथरिनचे दिवस लपेनासे झाले. राणीने दोघांना टॉवरच्या तुरुंगात टाकलं. सप्टेंबरमध्ये तिथेच मुलगा झाला. चौकशीत दोघांना पाद्र्याचं वर्णन विचारलं गेलं. लालसर दाढीसारख्या चार खुणांवर सांगणं संपलं. मे १५६२ मध्ये आर्चबिशप पार्करच्या आयोगाने ठरवलं की लग्न झालंच नव्हतं, मूल अनौरस आहे.

सहा महिन्यांनी ब्रुकचं पुस्तक बाहेर आलं. त्याचे जामीनदार नॉर्टन आणि सॅकव्हिल यांच्या ‘गॉर्बोडक’चा विषयच मुळी वारसदार न ठरल्याने राज्याची होणारी धूळधाण हा होता, आणि कॅथरिनच्या दाव्याशी त्या नाटकाचा धागा अभ्यासकांनी जोडलेला आहे. या वर्तुळात बसून चोरून केलेल्या लग्नावर लिहिणाऱ्या माणसाला कॅथरिन आठवत नसेल, हे मला पटत नाही. ब्रुकची प्रस्तावना म्हणजे माझ्या मते एका तरुण, आश्रित लेखकाने दरबाराच्या दिशेने केलेला मुजरा आहे. काव्यात तो प्रेमिकांच्या बाजूने होता. छापताना मात्र त्याला सांगावं लागलं की मी बापांच्या, म्हणजे पर्यायाने राणीच्या बाजूने आहे.

आणि आणखी एक तपशील. टॉवरचा लेफ्टनंट सर एडवर्ड वॉर्नर याच्या मेहेरबानीने नवराबायको तुरुंगात भेटत राहिली. फेब्रुवारी १५६३ मध्ये दुसरा मुलगा झाला. अर्लला १५,००० पौंडांचा दंड झाला, जो पुढे बराच उतरला. वॉर्नरची नोकरी गेली आणि तो स्वतः कोठडीत गेला. कॅथरिन नजरकैदेत राहिली, नवऱ्याला पुन्हा कधी भेटली नाही, आणि जानेवारी १५६८ मध्ये वारली. तिला तिशीही गाठता आली नाही.

ब्रुकने जरी मुखपृष्ठावर इटालियन कथाकार बांदेल्लोचं नाव दिलं असलं, तरी त्याच्या पुढ्यात होतं पिएर ब्वास्त्युओ या फ्रेंच लेखकाचं १५५९ चं ‘इस्त्वार त्राजीक’. बांदेल्लोच्या कथा घेऊन ब्वास्त्युओने त्यांत मनसोक्त भर घातली आहे. आणि गंमतीची नव्हे, विचार करायला लावणारी गोष्ट ही की पॅरिसमध्येही तेव्हा नुकतंच असंच एक प्रकरण होऊन गेलं होतं.

फ्रान्सचा सरसेनापती आन द मोंमोरांसी याचा थोरला मुलगा फ्रांस्वा याने राणीच्या परिवारातल्या झान द पियेन हिला लग्नाचं वचन दिलं होतं. बापाचा बेत निराळा होता: राजा हेन्री दुसरा याची अनौरस मुलगी दियान ही सून म्हणून आणायची. फ्रांस्वाने झानचं नाव सांगितल्यावर तिला मठात अडकवण्यात आलं आणि त्याला पोपकडून सुटका मिळवायला रोमला धाडण्यात आलं. पोप ताटकळत ठेवू लागला, तेव्हा हेन्रीने फेब्रुवारी १५५७ मध्ये एक फर्मान काढलं. तीस वर्षांखालचा मुलगा आणि पंचवीस वर्षांखालची मुलगी आईबापांच्या संमतीशिवाय लग्न करील, तर त्यांना वारशातून बेदखल करता येईल. आणि फर्मान मागच्या लग्नांनाही लागू. फ्रांस्वाने रोमहून झानला पत्र लिहून आपला शब्द मागे घेतला. मे महिन्यात त्याचं दियानशी लग्न झालं. एका बापाच्या अडचणीसाठी अख्ख्या देशाचा कायदा बदलला गेला.

दोन वर्षांनी पॅरिसमध्ये ब्वास्त्युओचं पुस्तक आलं, आणि त्यात व्हेरोनाच्या कथेला एक नवी शेपटी फुटली. तिच्यापाशी मी येणारच आहे. त्याआधी दोन शब्द लुइजी दा पोर्तोबद्दल, ज्याने या कथेला व्हेरोना, माँतेक्की-काप्पेल्लेत्ती ही घराणी आणि प्रेमिकांची नावं दिली. व्हिचेन्झाचा हा घोडदळाचा सरदार १५११ मध्ये फ्रिउलीच्या लढाईत मानेवर वार बसून कायमचा जायबंदी झाला. आजोळ सावोर्न्यान घराण्याचं. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्या घराण्याच्या पुढारपणाखाली उदिनेत विरोधी सरदारांची भयंकर कत्तल झाली होती. आपली कथा त्याने लुचिना सावोर्न्यान हिला अर्पण केली. तीच त्याची स्वतःची ज्युलिएट होती, असं एका इतिहासकाराने मांडलं आहे, आणि ते मला मनापासून पटावंसं वाटतं. पण दा पोर्तोत वैर हे वैर आहे, प्रेम हे प्रेम, आणि शेवटी दोन बाप गळ्यात गळा घालून रडतात. तात्पर्य नाही, शिक्षाही नाहीत. विषसुद्धा रोमिओच्या स्वतःच्या जवळचं आहे, ते कोणाकडून विकत घ्यावं लागत नाही.

विष विकणारा माणूस कथेत आणला ब्वास्त्युओने. मांतुआत परागंदा असलेल्या रोमिओला ज्युलिएट गेल्याची बातमी कळते, तो रस्त्याने फिरू लागतो आणि एका कंगाल औषधविक्याचं दुकान हेरतो. चार डबे, चार बाटल्या, गिऱ्हाईक नाही. हा नाही म्हणणार नाही, हे रोमिओ ओळखतो. ब्रुकच्या काव्यात तो त्याच्या हातावर पन्नास सोन्याची नाणी ठेवतो. विष विकणं हा गुन्हा आहे हे दोघांनाही ठाऊक आहे.

आता ती शेपटी. दोघं मेल्यावर राजा न्यायासन मांडतो, आणि ब्वास्त्युओच्या मागोमाग ब्रुक शिक्षांची यादी देतो. दाईने लग्नाची बातमी मालकापासून लपवली, वेळेत सांगितली असती तर भलं झालं असतं, म्हणून ती हद्दपार. रोमिओचा नोकर हुकमाचा ताबेदार, म्हणून तो मोकळा. फ्रायर लॉरेन्सची आजवरची पुण्याई पाहता त्याला दोष नाही. तो स्वेच्छेने व्हेरोनाबाहेर दोन मैलांवर एका कुटीत जाऊन राहतो आणि पाच वर्षांनी शांतपणे मरतो. औषधविक्या फासावर. त्याला लटकवल्यावर, ब्रुक आणखी एक गोष्ट नोंदवतो, मेहनतीचा मोबदला म्हणून त्याचा कोट फाशी देणाऱ्याला मिळाला. मग दोन्ही घराण्यांचा समेट, संगमरवरी थडगं, उंच खांब, समाप्त.

या यादीपाशी मी पहिल्यांदा आलो तेव्हा प्रस्तावना पुन्हा काढून वाचली. प्रस्तावनेतला नियम असा की दोष मुलांचा आहे आणि मुलांना भरीला घालणाऱ्यांचा. निकालही बरोब्बर त्याच नियमाने लागतो, फक्त एका अपवादासह: लग्न प्रत्यक्ष लावणारा, गुंगीचं औषध प्रत्यक्ष देणारा शिकलेला साधू सुटतो. वैर पिढ्यान्‌पिढ्या पोसणाऱ्या दोन बापांबद्दल न्यायासनाला प्रश्नच पडत नाही. ब्रुकच्या कापुलेतने मुलीला दम देताना प्राचीन रोमचा दाखला दिला होता: तिथे बाप मुलांना गहाण टाकू शकत, विकू शकत, ऐकलं नाही तर जीवही घेऊ शकत. असा माणूस शेवटी अश्रू गाळतो आणि थडग्याचा खर्च करतो. हद्दपारी आणि फाशी पगारदार बाईच्या आणि उपाशी दुकानदाराच्या वाट्याला येते.

औषधविक्या पकडला कसा जातो, हेही पाहण्यासारखं आहे. रोमिओ मरण्याआधी बापाला पत्र लिहितो आणि विष कोणाकडून घेतलं ते त्यात सांगून टाकतो. ज्या माणसाला त्याने सोनं दाखवून कायदा मोडायला लावला, त्याच्या गळ्यात फास त्याच्याच अक्षराने अडकतो. प्रेमाच्या भरात ही गोष्ट त्याच्या लक्षात आली नसेल, असं म्हणता येईल. तेच मला फार बोचतं. मोठ्या घरच्या मुलाच्या लक्षात न येणारी गोष्ट कोणाच्या तरी मानेवर पडते.

मधल्या काळात कायद्याची बाजू फिरत होती. ११ नोव्हेंबर १५६३ ला, म्हणजे ब्रुकचं पुस्तक छापून वर्ष उलटायच्या आत, ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवलं की यापुढे गावचा पाद्री आणि दोन-तीन साक्षीदार यांच्यासमोर न लागलेलं लग्न हे लग्नच नाही. फ्रायर लॉरेन्सने आपल्या खोलीत लावलेलं लग्न त्यानंतरच्या इटलीत टिकलं नसतं. आईबापांची संमती सक्तीची करा, ही फ्रेंचांची मागणी मात्र परिषदेने फेटाळली. इंग्लंड जुन्याच कायद्यावर राहिलं, थेट १७५३ च्या हार्डविकच्या कायद्यापर्यंत. लग्न चारचौघांत जाहीर व्हावं हा आग्रह मुळात वाईट नाही. झान द पियेनला दिलेला शब्द जाहीर असता तर तो गिळणं फ्रांस्वाला जड गेलं असतं. पण जाहीर करायला लागणारा वेळ घरच्यांच्याही हातात पडतो. आपल्याकडे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालची तीस दिवसांची नोटीस कार्यालयाच्या फळ्यावर लागते, तेव्हा आंतरजातीय लग्न करू पाहणाऱ्या जोडप्याचा जीव कसा टांगणीला लागतो, हे महाराष्ट्रात कोणाला वेगळं सांगायची गरज नाही.

शेक्सपिअरने हे काव्य हाती घेतलं साधारण १५९५ च्या आसपास. त्याने केलेल्या बदलांची जंत्री शाळा-कॉलेजांत पाठ होते: नऊ महिन्यांची कथा पाच दिवसांत बसवली, ब्रुककडे मेजवानीत थंडगार हातांनी ज्युलिएटचा हात धरणारा एवढीच ओळख असलेला मर्क्युशिओ उभा केला, ज्युलिएटला सांगून आलेल्या पॅरिस या तरुणाला थडग्यापाशी मारलं. ज्युलिएटचं वय बांदेल्लोकडे अठरा, ब्रुककडे जेमतेम सोळा होतं. शेक्सपिअरने ते चौदाच्याही आत आणलं. इंग्लंडमधल्या सामान्य मुली तेव्हा पंचविशीच्या आसपास लग्न करत, त्यामुळे प्रेक्षकाला ते खटकलं असणारच, आणि ते खटकावं अशीच त्याची इच्छा असावी. एवढ्या लहान मुलीवर बाप रस्त्यावर उपाशी मर म्हणून ओरडतो, तेव्हा आज्ञाधारकपणाचा धडा देणाऱ्याची जीभ अडखळते.

मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते नाटकाच्या दोन टोकांचे बदल. सुरुवातीला त्याने दोन्ही घरांचे नोकर आणले. वैर मालकांचं, पण पहिली तलवार नोकर उपसतात, कारण त्यांच्या दिवसभराच्या लाचारीत तेवढाच एक मोठेपणा उरलेला आहे. शेवटी त्याने यादी काढून टाकली. राजा म्हणतो की काहींना क्षमा होईल आणि काहींना शिक्षा. नावं घेत नाही. त्याआधी तो असं काही बोलतो जे ब्रुकच्या राजाच्या तोंडी कधी आलं नसतं: या भांडणाकडे मी डोळेझाक केली, म्हणून माझेही दोन आप्त गेले, शिक्षा आम्हा सगळ्यांनाच झाली आहे. सत्ता स्वतःचा वाटा मान्य करते. ब्रुकच्या प्रस्तावनेतल्या दोषारोपाची दिशा शेक्सपिअरने इथे उलटी फिरवली.

आणि मध्ये आहे ते दुकान. शेक्सपिअरने त्याच्यावर जो जीव लावला आहे त्याला कथानकाची गरज एवढं कारण पुरत नाही. टांगलेलं कासव, पेंढा भरलेली मगर, रिकामी खोकी, कुबट बिया, सुतळीचे तुकडे: विकण्यासारखं काही नाही, पण दुकान आहे असं दिसावं म्हणून पसरून ठेवलेलं सामान. माणूस हाडांचा सापळा झालेला. रोमिओ त्याला सांगतो की जग तुझं मित्र नाही आणि जगाचा कायदाही नाही. तुला श्रीमंत करील असा कायदा जगात नाही, तेव्हा तो मोड. तो म्हणतो की होकार माझ्या गरिबीचा आहे, मनाचा नाही. मग चाळीस दुकात देताना रोमिओ म्हणतो की खरं विष मीच तुला विकलं, सोन्याहून जास्त माणसं या तुझ्या भुकटीने मारलेली नाहीत.

हे ऐकणारा प्रेक्षक कोणता होता? १५९४ पासून इंग्लंडमध्ये ओळीने पिकं बुडत गेली. १५९५ च्या जूनमध्ये लंडनच्या उमेदवार कारागिरांनी मासळी आणि लोणी यांच्या भावावरून दंगे केले. महिनाअखेर टॉवर हिलवर जमाव आणि सरकारी माणसं समोरासमोर आली, आणि जुलैत पाच जणांना देहदंड झाला. कथेतला औषधविक्या सोळाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये निर्माण झाला असेल, पण थिएटरच्या अंगणात एक पेनी देऊन उभ्या असलेल्या माणसाने त्याचे बसलेले गाल ओळखले असणार. इंग्लंडमध्ये विषविक्रीवर कायद्याने बंधन आलं ते आर्सेनिकपुरतं, १८५१ साली. मांतुआचा मरणदंडाचा कायदा कथेतलाच होता. भूक कथेतली नव्हती.

शेवटच्या प्रवेशात रोमिओचं पत्र इथेही वाचलं जातं. राजा मोठ्याने सांगतो की विष एका गरीब औषधविक्याकडून घेतलं. त्यावर कोणी काही बोलत नाही. राजाचं बोलणं संपताच कापुलेत मोंटेग्यूचा हात हातात घेतो आणि म्हणतो की नवऱ्याच्या घरून माझ्या मुलीला मिळायचा लग्नातला हिस्सा हाच समज. मोंटेग्यू म्हणतो, याहून जास्त देतो. ज्युलिएटचा शुद्ध सोन्याचा पुतळा उभारतो. कापुलेत म्हणतो, मग तेवढाच भारी रोमिओचाही. ब्रुककडचा संगमरवर बदलून शेक्सपिअरने सोनं केलं, आणि तेही त्याच नाटकात जिथे चाळीस दुकात मोजताना सोन्याला विष म्हटलं गेलं आहे. दोन मुलांची प्रेतं समोर असताना दोन बाप देण्याघेण्याच्या भाषेत बोलतात. नाटकातली ही जागा मला सर्वांत धारदार वाटते, आणि प्रयोगात ती बहुतेक वेळा संगीताखाली बुडालेली असते.

पुढच्या काळात औषधविक्याची कहाणी आकसत गेली. गुनोच्या १८६७ च्या ऑपेरात तो नाही. रोमिओ विष घेऊनच येतो. झेफिरेल्लीने १९६८ च्या अतिशय देखण्या चित्रपटात तो पूर्ण वगळला. आपल्याकडे दोन वैरी घराण्यांच्या प्रेमकथा हिंदी पडद्यावर अनेक झाल्या, ‘कयामत से कयामत तक’ त्यांतली सर्वांत गाजलेली. घराणी आली, बंदुका आल्या, गाणी आली, विष विकणारा उपाशी माणूस नाही आला. बाझ लुहरमनने १९९६ मध्ये त्याला परत आणलं, याबद्दल मला त्या चित्रपटाचे बाकीचे अतिरेक माफ आहेत.

मराठी रंगभूमीवर हे नाटक पुन्हा कोणी उभं करणार असेल, तर एक विनंती आहे. वेळेसाठी कात्री लावावी लागते, हे मान्य. बाल्कनीतली भाषणं आखडती घ्या, मर्क्युशिओचं माब राणीचं स्वगत अर्धं करा, प्रेक्षकाला ते पाठ आहे. पण मांतुआतलं ते दुकान राहू द्या, त्या भूमिकेला गर्दीतला उरलेला नट देऊ नका, आणि शेवटी पत्र वाचून झालं की दोन बापांनी हात पुढे करण्याआधी राजाला क्षणभर थांबायला सांगा.